अण्णांचे कोयना खोरे : वडिलांच्या आयुष्याच्या क्रमाने केलेला प्रवास

घाटमाथा

आमच्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे, बालपण कोयनानगरच्या वसाहतीत गेले, तारुण्य घाटाखाली अलोऱ्याला गेले आणि नोकरीतले सर्वांत मोलाचे काम त्यांनी पुन्हा घाटावर, कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या बोगद्यांत केले. निवृत्तीनंतर ते पुण्याला आमच्याकडे राहायला आले. त्यानंतर कुंभार्ली घाटातून आमचे जाणे-येणे होत राहिले, पण ते चिपळूणला लग्नकार्यासाठी किंवा गणपतीला, उशीर होईल या धास्तीने कुठेही न थांबता. या हिवाळ्यात मात्र आई, अण्णा, मी, पत्नी आणि आमची मुलगी असे सगळे केवळ अण्णांच्या जागा पाहण्यासाठी निघालो. त्या प्रवासाविषयी सविस्तर लिहावे, आणि आपल्यापैकी ज्यांनी आई-वडिलांना असे नेले आहे त्यांचे अनुभव वाचावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

निघण्यापूर्वी एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती : जागा रस्त्याच्या सोयीने पाहायच्या नाहीत, अण्णांच्या आयुष्यात ज्या क्रमाने आल्या त्या क्रमाने पाहायच्या. त्यामुळे आम्ही कराडहून कोयनानगरला गेलो, तिथून घाट उतरून अलोऱ्याला, आणि दुसऱ्या दिवशी तोच घाट पुन्हा चढून नवजाला. नकाशावर हा उलटसुलट प्रवास वेडेपणाचा दिसतो आणि पेट्रोलही अर्थातच जास्त लागते. परंतु आजोबांची बदली घाटाखाली झाली तेव्हा त्या कुटुंबाने काय मागे सोडले आणि वीस-पंचवीस वर्षांनी अण्णा पुन्हा वर आले तेव्हा ते कुठे परतले, हे आम्हांला घाट दोनदा ओलांडल्यामुळेच उमगले. एका फेरीत सगळे उरकले असते, तर आमच्या हाती केवळ स्थळांची यादी लागली असती.

कराडला आम्ही प्रीतिसंगमावर थोडा वेळ थांबलो. महाबळेश्वरला कृष्णा आणि कोयना जवळजवळ एकाच ठिकाणी उगम पावतात. कृष्णा वाईच्या बाजूने निघते, कोयना सह्याद्रीच्या कुशीतून सरळ दक्षिणेकडे वाहत येते, हेळवाकजवळ काटकोनात पूर्वेला वळते आणि कराडला कृष्णेला समोरासमोर भेटते. अण्णांनी मुलीला वाळूवर बोटाने हे वळण काढून दाखवले आणि सांगितले, “या कोपऱ्याच्या वरच्या अंगाला धरण आहे. पाण्याला पूर्वेला जायचे होते, आपण त्यातले बरेचसे डोंगर फोडून पश्चिमेला नेले.” संपूर्ण कोयना प्रकल्प इतक्या थोडक्यात सांगितलेला मी तोपर्यंत ऐकला नव्हता. पाटणला चहा झाला आणि आम्ही पुढे निघालो.

कोयनानगरविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे. आजोबा धरणाच्या कामावर मुकादम होते आणि कुटुंब वसाहतीच्या एका चाळवजा ओळीत राहत असे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, भूकंप झाला तेव्हा अण्णा दहा वर्षांचे होते. त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, कोयनानगरमधील बहुतेक घरे पडली किंवा राहण्यायोग्य उरली नाहीत आणि वीजनिर्मिती थांबल्यामुळे मुंबईपर्यंत अंधार झाला. हे सगळे मी वाचले होते. अण्णांनी मात्र घरी या विषयावर कधीच काही सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

वसाहतीची रचना आता पूर्ण बदललेली आहे. अण्णा गाडीतून उतरले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले. एकही इमारत त्यांच्या ओळखीची नव्हती. मग त्यांनी इमारतींकडे पाहणे सोडले आणि उताराकडे पाहायला सुरुवात केली. “नळावरून घरी येताना शेवटच्या वळणावर घागर डाव्या खांद्यावर घ्यावी लागे,” असे म्हणत ते चालू लागले. थोड्या अंतरावर करवंदीच्या जाळीत काळ्या दगडांचे एक जोते होते, गुडघ्याएवढे उंच, एका कोपऱ्यावर पायरीचा एकच दगड शिल्लक असलेले. ते त्यांच्याच घराचे की शेजारच्या ओळीतले, हे त्यांना खात्रीने सांगता आले नाही आणि त्यांनी तसा आग्रहही धरला नाही. परंतु त्या जोत्यावर उभे राहून त्यांनी प्रथमच आम्हांला ती पहाट सांगितली.

भिंती दगड-मातीच्या होत्या आणि छप्पर लाकडी खांबांवर होते. भिंती बाहेरच्या अंगाला ढासळल्या, खांब मात्र उभे राहिले, म्हणून मधल्या खांबाशी झोपलेली भावंडे वाचली. पलीकडच्या घरातली, त्यांच्याच वर्गातली एक मुलगी गेली. तिचे नाव त्यांनी घेतले आणि ते थांबले. त्यानंतरचा हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये काढला, रात्री पत्र्यावर दव पडून थेंब अंगावर गळत, आणि जमीन जरा हलली की सगळी वस्ती एकदम बाहेर येई. आई त्यांच्याबरोबर चार दशकांहून अधिक काळ संसार करत आली आहे, आणि यातले पत्र्याच्या शेडखेरीज तिलाही काही ठाऊक नव्हते.

धरण आम्ही लांबूनच पाहिले. १०३ मीटर उंचीच्या त्या भिंतीला भूकंपात वरच्या भागात तडे गेले होते आणि पुढे मागील बाजूने काँक्रीटचे जाड टेकू बांधून ती भक्कम करण्यात आली. आजोबांच्या हाताखालच्या माणसांनी त्या दुरुस्तीतही काम केले. अण्णांनी मुलीला भिंतीचा तो जाड झालेला भाग दाखवला. मोठी माणसे घरे पडल्यावरही कामावर का जात होती, हा तिचा प्रश्न होता. धरण सुरक्षित नसते तर खालची पाटण-कराडपर्यंतची गावे सुरक्षित राहिली नसती, असे त्यांनी उत्तर दिले.

अलोऱ्याच्या भागात ते खूप खुलले. १९७० च्या दशकात प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याचे काम झाले, कोळकेवाडीचे धरण बांधले गेले आणि त्या निमित्ताने तिथे भरगच्च वसाहत उभी राहिली. अण्णा तिथे शिकले, खात्यात लागले, आणि आईला पाहायला तिथूनच चिपळूणला गेले. शाळा, मैदान, सहकारी भांडार, बसथांबा हे सगळे त्यांना हात करून दाखवता आले. याविषयी विशेष लिहीत नाही, कारण आनंदाच्या जागी फार समजावून सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा कुंभार्ली चढून नवजाकडे गेलो. १३ मार्च १९९९ रोजी चौथ्या टप्प्यासाठी शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या, तळाशी ‘लेक टॅपिंग’ झाले, म्हणजे जलाशय रिकामा न करता खालून बोगदा खणत नेऊन शेवटचा खडकाचा पडदा सुरुंगाने उडवून पाणी बोगद्यात घेतले. हे तंत्र नॉर्वेचे, आणि आपल्याकडे ते त्या दिवशी प्रथम वापरले गेले. अण्णा त्या कामावर ओव्हरसियर होते. मी तेव्हा शाळेत होतो आणि वडील घरी नसतात एवढेच मला कळत होते. काठावर उभे राहून त्यांनी खडकात शेवटची छिद्रे घेताना पाण्याचा झिरपा कसा मोजत, खडकातल्या भेगांत सिमेंट भरून ग्राउटिंग कसे करत आणि वर अथांग पाणी असताना खाली काम करणारा माणूस कोणत्या आवाजाकडे कान लावून असतो, हे तासभर सांगितले. ज्यांना मी निवृत्त, मितभाषी गृहस्थ म्हणून ओळखतो, ते एक कसबी माणूस आहेत, हे मला त्या काठावर दिसले. माझे सांगणे एवढेच आहे की आई-वडिलांना त्यांच्या कामाच्या जागी न्यावे, नुसत्या घराच्या जागी नव्हे. आणि ते काम समजावून सांगण्याची उमेद त्यांच्यात आहे तोवर न्यावे.

आपले अनुभव अवश्य लिहावेत.

वाशिष्ठीकाठ

आपला लेख वाचून फार बरे वाटले. माझे वडील पोफळीच्या वीजगृहात होते. घाटावरचे पाणी बोगद्यातून येऊन सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडते आणि डोंगराच्या पोटातली जनित्रे फिरवते, हे आम्हा मुलांना शाळेत शिकवण्याआधीच पाठ होते. वडिलांना मी करोनाच्या आधीच्या वर्षी तिथे नेले होते. वीजगृहात पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश मिळत नाही, त्यामुळे आम्ही बाहेरूनच परतलो. परंतु फाटकावरच्या तरुण कर्मचाऱ्याने वडिलांना खुर्ची दिली, त्यांची पाळी कोणती असे, कोणत्या युनिटवर असत, हे विचारले आणि अर्धा तास ते दोघे एकमेकांशी कामाच्या भाषेत बोलत राहिले. वडील परतीच्या वाटेवर अतिशय समाधानी होते. म्हणून आपण कामाच्या जागेविषयी जे म्हणता ते मला पूर्णपणे पटते.

एक व्यावहारिक सूचना करतो. कुंभार्ली घाटात पावसाळ्यात दरडींचे आणि धुक्याचे भय असते. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण बुडाले, आणि त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसे गेली. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ निवडावा.

सांजवात

लेख उत्तम आहे, पण एक शंका मनात आली ती स्पष्टपणे मांडते. ज्या पहाटेविषयी अण्णांनी सारे आयुष्य मौन पाळले, त्या जागी त्यांना मुद्दाम नेणे योग्य होते का? माझ्या आईला किल्लारीच्या आमच्या जुन्या घराकडे नेण्याचा मी दोनदा विषय काढला. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात तिचे माहेर संपले. दोन्ही वेळा ती “नको” म्हणाली आणि मी तो विषय सोडून दिला. आपल्या कुतूहलासाठी त्यांना पुन्हा त्या दुःखातून नेण्याचा अधिकार आपल्याला आहे, असे मला वाटत नाही.

घाटमाथा

सांजवात, आपली शंका रास्त आहे आणि आपण आईंचे ऐकलेत हेच योग्य केलेत. आमच्याकडे हा प्रवास अण्णांनीच सुचवला होता. नातीला शाळेत धरणांवर काही लिहायचे होते आणि ती त्यांना प्रश्न विचारत होती. तेव्हा “चल, दाखवतोच” असे ते स्वतःहून म्हणाले. कोयनानगरमध्येही आम्ही भूकंपाचा उल्लेख केला नाही. त्यांनी सुरुवात केली तेव्हा ऐकले, ते थांबले तेव्हा आम्हीही थांबलो. त्या मुलीविषयी पुढे काही विचारले नाही. पुढाकार त्यांचाच हवा, हे मी मूळ लेखात लिहायला हवे असे आपल्या प्रतिसादामुळे वाटले, म्हणून इथे स्पष्टपणे लिहीत आहे.

खडकवाट

मी भूशास्त्र शिकवतो, म्हणून थोडी भर घालतो. नातीच्या लेखनालाही उपयोग होईल. कोयनेचा भूकंप जगभर अभ्यासला जातो, कारण जलाशयामुळे उद्दीपित झालेल्या भूकंपांपैकी तो सर्वांत मोठा मानला जातो. जलाशयात पाणी साठू लागल्यावर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले आणि काही वर्षांत मोठा भूकंप झाला. पाण्याच्या भाराने खडकावरील ताण बदलतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भेगांमधून खोलवर मुरलेल्या पाण्याचा दाब वाढून जुन्या भ्रंशरेषेवरील, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलेला असतो त्या रेषेवरील, घर्षण कमी होते. ताण तिथे आधीपासूनच असावा लागतो. पाणी त्याला निमित्त होते. त्यापूर्वी दख्खनचे पठार भूकंपाच्या दृष्टीने स्थिर समजले जात असे. कोयनेनंतर त्या समजुतीचा फेरविचार करावा लागला.

लहान धक्के अजूनही होतात आणि ते बहुतांशी धरणाच्या दक्षिणेकडील ठरावीक टापूतच होतात. त्यांचा उगम फार खोल नसल्यामुळे, भूकंप जिथे जन्मतो त्या खडकापर्यंत पोहोचण्यासाठी तिथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणण्यात आले आहे, आणि या संशोधनासाठी केंद्र शासनाची स्वतंत्र प्रयोगशाळा कराडजवळ आहे. लाकडी खांब उभे राहिले आणि दगड-मातीच्या भिंती पडल्या, हे अण्णांचे निरीक्षण अगदी अचूक आहे. जड दगडी भिंतींना एकमेकींशी सांधणारे काही नसले की त्या बाहेर कोसळतात. १९९३ मध्ये किल्लारीलाही दगड-मातीच्या जाड भिंतींनीच सर्वाधिक बळी घेतले. अण्णांचे कथन शक्य तितके नोंदवून ठेवावे. दहा वर्षांच्या मुलाने पाहिलेले तपशील कुठल्याही अहवालात नसतात.

जावळीची लेक

धागा सुरुवातीपासून वाचला. अण्णांविषयी मनात आदरच आहे. तरीही आमच्या बाजूचे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या आईचे गाव जावळी खोऱ्यात, बामणोलीच्या पलीकडच्या अंगाला होते. ज्या पाण्याच्या काठावर उभे राहून अण्णांनी काम समजावले, त्याच पाण्याच्या वरच्या टोकाला ते गाव खाली आहे. शिवसागर पन्नास किलोमीटरहून अधिक लांब पसरलेला आहे आणि त्याच्या पोटात कोयना, सोळशी, कांदाटी या खोऱ्यांतली कितीतरी गावे गेली. आई तेव्हा परकरी पोर होती. काही कुटुंबे डोंगरात वर सरकली, कोणी सोलापूर-सांगलीकडे गेले, आम्ही घाटाखाली रायगडात आलो. गावाने देवाचा टाक आणि पालखी बरोबर आणली, शेत आणता आले नाही. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये झाला, तोपर्यंत कोयनेच्या लोकांना उठून कित्येक वर्षे लोटली होती. नव्या जमिनीचा सातबारा नावावर लागलेला पाहायला आजोबा राहिले नाहीत. २०१८ मध्ये या खोऱ्यातले लोक कोयनानगरला आंदोलनाला बसले, तेव्हा त्यांत उठलेल्या माणसांची नातवंडेही होती.

आईला मी साताऱ्याहून कासमार्गे बामणोलीला नेले आणि तिथून लाँचने. मे महिना होता, पाणी बरेच उतरले होते. लाँचवाल्याला तिने गावाचे नाव सांगितले. तो तिशीतला मुलगा, पण त्याने न विचारता लाँच एका सोंडेकडे वळवली आणि इंजिन बंद केले. गाळातून दगडांची एक रांग वर आलेली होती. आई म्हणाली की तो बांध आहे, घर नव्हे. घरे आणखी खाली असणार. तिने बांधावरून शेताची हद्द सांगितली, कुठल्या तालीत नाचणी आणि कुठल्या तालीत भात, ते सांगितले, आणि समोरच्या डोंगराकडे पाहून वासोटा किल्ल्याची दिशा बरोबर दाखवली. ती रडेल असे मला वाटले होते. ती शेताचा हिशेब सांगत राहिली.

आपण म्हणालात की आई-वडिलांना त्यांच्या कामाच्या जागी न्यावे. माझ्या आईचीही कामाची जागाच ती. तिथे आता काठच आहे.

घाटमाथा

आपला प्रतिसाद मी अण्णांना वाचून दाखवला. त्यांनी तो दुसऱ्यांदा वाचायला सांगितला. नंतर म्हणाले की बोगद्याच्या कामावर असताना उन्हाळ्यात पाणी उतरले की पलीकडच्या काठावर बांध उघडे पडलेले दुर्बिणीतून दिसत, आणि सर्वेक्षणाच्या नकाशावर त्या जागी फक्त पाण्याच्या पातळीचे आकडे असत. गावांची नावे त्यांनी जुन्या नकाशावरून वहीत उतरवून घेतली होती. ती वही घरात आहे का, हे आई शोधत आहे. सापडली तर नावे इथे देईन. आपल्या आईंचे गाव त्यांत असण्याची शक्यता आहे.

आम्ही वरच्या अंगाला, तापोळा-बामणोलीच्या बाजूला, या प्रवासात गेलोच नाही. अण्णांचे आयुष्य धरणाच्या भिंतीपाशी आणि तिच्याखाली गेले, म्हणून त्यांच्या क्रमात ती बाजू आली नाही. आता त्यांना जायचे आहे. मे महिन्याचा उकाडा त्यांना झेपेल का, आणि लाँचमध्ये चढणे-उतरणे या वयात कितपत सोयीचे आहे, हे कृपया कळवावे.

जावळीची लेक

उकाड्याची फारशी चिंता करू नका, पाण्यावर वारा असतो; मात्र सकाळी आठच्या आधी बामणोलीत पोहोचा. चढताना खरी अडचण होते. पाणी उतरलेले असले की काठ चिखलाचा आणि तीव्र उताराचा होतो, त्यामुळे अण्णांना दोन्ही बाजूंनी धरायला माणसे हवीत, आणि बैठकीसाठी एक हलकी खुर्ची बरोबर घ्या. वासोट्याकडच्या बाजूला उतरायचे असेल तर वनखात्याची परवानगी लागते, नुसते लाँचमधून पाहायचे असेल तर ठरावीक पट्ट्यापर्यंत जाता येते. ते लाँचवाल्यांना आधी विचारून घ्या. पाणी किती उतरले आहे हे त्या वर्षीच्या सोडलेल्या पाण्यावर ठरते, तेव्हा एप्रिलअखेरीस मला इथे विचारा, मी गावाकडे फोन करून सांगते. वहीतली नावे सापडली तर तेवढी लवकर द्या. आई ऐंशीच्या पुढे आहे आणि तिला शेजारच्या वाड्यांची नावे आठवेनाशी झाली आहेत.

घाटमाथा

वही सापडली आहे. काही पानांवरची शाई फुटली आहे, त्यामुळे अण्णा भिंग घेऊन एकेक नाव वाचतात आणि मुलगी लिहून घेते. रविवारपर्यंत यादी इथे देतो. ज्यांच्या घरी या खोऱ्यातल्या गावांची नावे तोंडी आहेत, त्यांनी ती तपासून दुरुस्त करावीत, ही विनंती.